धुवायला नेलेले लॅपटॉप

"एलीकेम, उतर त्या खिडकीवरून! रोपांना पाणी घालायला आलोय आपण, माकडासारखं लटकायला नाही!"

"थांब गं! एयराम, कपाट उघडं आहे!"

"कुठलं कपाट?"

"आईचं! आणि आत काही म्हणजे काहीच नाही!"

एयरामच्या हातातली बादली कलंडली आणि सगळं पाणी तिच्याच चपलांवर सांडलं. एका उडीत तीही खिडकीच्या कठड्यावर चढली. वर्गाच्या कोपऱ्यात लोखंडी कपाटाची दोन्ही दारं सताड उघडी होती. कुलूप कडीला नीट लटकत होतं. ते कुणी फोडलं नव्हतं, किल्लीनेच उघडलं होतं.

शाळेला ऑगस्टची सुट्टी होती. केटा गावातल्या कर्णबधिर मुलांच्या या शाळेत एयराम आणि एलीकेमची आई, मॅडम देला, शिकवायची. शनिवारीच ती बोर्डाचे पेपर तपासायला राजधानीला, अक्राला गेली होती आणि रोपांची जबाबदारी या दोघांवर टाकून गेली होती. एयराम तेरा वर्षांची, एलीकेम अकराचा. त्यांच्याबरोबर होती बारा वर्षांची याय्रा. ती आईची विद्यार्थिनी, आणि सुट्टीतले काही दिवस त्यांच्याकडे राहायला आली होती. याय्राला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिघांच्या गप्पा हातांनीच चालायच्या. एयरामचे हात झरझर चालत, एलीकेमचे मात्र अडखळत.

याय्राने एयरामचा फ्रॉक ओढला. "काय आहे आत?" तिने हातांनी विचारलं.

"लॅपटॉप नाहीत. एकही नाही."

"सात नंबरचा?"

"तोही नाही."

याय्राचे हात हवेतच थांबले.

सात नंबरच्या लॅपटॉपमध्ये तिचे पणजोबा होते. खरंच होते! खाडीतल्या त्सिडोमे बेटावर कित्येक पिढ्यांपासून बरीच मुलं जन्मतःच बहिरी होती, म्हणून तिथल्या लोकांनी हातांची आपली स्वतःची भाषा घडवली होती. कुठल्या वाऱ्याला कुठला मासा येतो, जाळ्याच्या कुठल्या गाठीला काय म्हणतात, कोणती होडी कुणाची, सगळ्याला खुणा होत्या. त्यातल्या जुन्या खुणा आता एकट्या टॉग्बुई, म्हणजे आजोबा, अकोर्लींना येत होत्या. ते याय्राचे पणजोबा. आईने तीन वर्षं दर शनिवारी होडीने जाऊन त्यांच्या खुणा टिपल्या होत्या. चारशे बारा व्हिडिओ! त्यांचा कोश छापायचा होता. आणि ते सगळे फक्त त्या एका लॅपटॉपमध्ये होते. प्रत ठेवायची डिस्क जूनमध्येच बिघडली होती. 'नवी घेईन सप्टेंबरात,' असं आई म्हणाली होती.

"चोरी झाली! चला, गेर्शनकाकांना सांगू!" एलीकेम ओरडला.

वॉचमन गेर्शनकाका फाटकापाशी आंब्याच्या सावलीत बसून अबोलो, म्हणजे मक्याचा वाफवलेला पाव, आणि तळलेली मासळी खात होते.

"चोरी? माझ्या पहाऱ्यात?" ते घास गिळत म्हणाले. "उपमुख्याध्यापक अग्बेकोसाहेब स्वतः घेऊन गेले सकाळी. बाराच्या बारा. धुवायला दिलेत."

"काय दिलेत?"

"धुवायला! साहेबच म्हणाले, 'गेर्शन, आत फार घाण साचलीय, एकदा स्वच्छ धुवून आणतो.'"

एलीकेम पोट धरून हसायला लागला. "साबण लावून? आणि मग वाळत कुठे घालणार? तारेवर, चिमटे लावून?"

हसता हसता तो एकदम गप्प झाला. त्याचा चेहरा उतरला.

"एयराम... धुणं म्हणजे पुसणं. लॅपटॉप हळू चालायला लागले की डिस्क पूर्ण कोरी करतात आणि सगळी सिस्टीम पहिल्यापासून नव्याने टाकतात."

"कोरी म्हणजे? आपल्या फाइली तरी राहतात ना?"

"काहीच राहत नाही! नव्या पाटीसारखी कोरी!"

एयरामने गेर्शनकाकांचा फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला. आईचा फोन बंद. बंदच असणार! पेपर तपासणाऱ्यांचे फोन सकाळी हॉलच्या दारातच काढून घेत आणि संध्याकाळी सहाला परत देत. आता साडेदहा वाजले होते. तिने अग्बेकोसरांना फोन लावला.

"सर, सात नंबरमध्ये आईचे व्हिडिओ आहेत! टॉग्बुईंचे!"

"हे बघ एयराम, मी रीतसर नोटीस लावली होती. ज्याचं जे असेल ते त्याने काढून घ्यावं."

"कधी लावलीत सर?"

"सोमवारी."

"पण सर, आई तर शनिवारीच अक्राला गेली!"

सरांचा आवाज चढला. "मोठ्यांच्या कामात लहानांनी नाक खुपसू नये!" आणि फोन बंद.

"दुकान कुठलं, गेर्शनकाका? पटकन सांगा!"

"झिग्बोदी कम्प्युटर्स. बाजारात, मक्याच्या गिरणीला लागून. अगं पण पाणी कोण—"

तिघं केव्हाच फाटकाबाहेर गेले होते.

बाजाराचा दिवस होता. छोट्या लाल कांद्यांच्या टोपल्या, सुक्या मासळीचे ढीग, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका. "ए, जरा बघून!" "माझे कांदे तुडवाल रे!" शिव्या खात, माफी मागत तिघं गिरणीपाशी पोचले. शेजारच्या काचेच्या दारावर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'झिग्बोदी'. म्हणजे धीर.

आतल्या माणसाचं नाव होतं परफेक्ट. एका हातात फोन धरून तो फुटबॉलचा सामना बघत होता आणि दुसऱ्या हाताने लॅपटॉपच्या तारा जोडत होता.

"एफो परफेक्ट, थांबवा!" एयराम धापा टाकत म्हणाली. मोठ्या भावासारख्या माणसाला त्या भागात एफो म्हणतात. "एका लॅपटॉपमध्ये फार महत्त्वाचं काम आहे!"

"माझ्याकडे कागद आहे," परफेक्टने मान वरही केली नाही. "'बाराही लॅपटॉप पूर्ण कोरे करावेत.' सही आहे, शिक्का आहे. तुमच्याकडे काय आहे?"

"आमच्याकडे अक्कल आहे," एलीकेम पुटपुटला. एयरामने त्याला सणसणीत चिमटा काढला.

"निदान सात नंबरचा कुठला ते तरी सांगा!"

"नंबर? ते स्टिकर होय? काढून टाकले. मळके दिसत होते." त्याने पायाने कचऱ्याची टोपली दाखवली. "चार झालेत, पाचवा चालू आहे. पेन ड्राइव्ह एकच, म्हणून एकेक करतोय. आता निघा!"

चार झालेत! त्या चारांत सात नंबर असला तर? पण रडून उपयोग नव्हता, आणि आत राहिल्याशिवाय काही कळणारही नव्हतं.

"एफो," ती एकदम गोड आवाजात म्हणाली, "कीबोर्ड केवढे मळलेत! मी ब्रशने साफ करून देऊ? तेवढंच तुमचं काम हलकं."

परफेक्टने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. काम हलकं होणं त्याला फार आवडायचं. "तू एकटी थांब. ही तोंडाळ पार्टी बाहेर!"

"तोंडाळ? मी?" एलीकेम म्हणाला, पण याय्राने त्याला दंडाला धरून बाहेर नेलं.

एयराम ब्रश घेऊन बसली. झाकणं सगळी एकसारखी, काळी. कोणता सात, कोणता नऊ, काही कळेना. पाचव्या लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात एक आकडा होता. दोन टक्के. थोड्या वेळाने तीन.

रोज नको तेव्हा लाइट जायची. आज मात्र पंखा कसा गरगर फिरत होता!

तेवढ्यात परफेक्ट उठला. "पोटात कावळे ओरडतायत. दहा मिनिटांत आलो. दाराला बाहेरून कुलूप लावतो, एवढे लॅपटॉप आहेत आत. आणि ऐक, चालू आहे त्याला बोटसुद्धा लावायचं नाही! मध्येच बंद पडला तर डिस्क कायमची खलास. मग नवा लॅपटॉप तुझ्या आईकडून वसूल करीन!"

कुलूप लागलं. एयराम आत, बाकीचे दोघं बाहेर. आणि त्याच क्षणी शेजारची मक्याची गिरणी सुरू झाली.

घर्रर्रर्र! भिंती थरथरू लागल्या. काचेपलीकडे एलीकेम तोंड उघडून जिवाच्या आकांताने ओरडत होता, पण एक अक्षर आत येत नव्हतं. "काय?" एयराम ओरडली. तिचा तिलाच आवाज ऐकू येईना.

याय्राने एलीकेमला बाजूला सारलं आणि काचेसमोर उभी राहिली. गिरणी सुरू असली काय आणि बंद असली काय, तिला सारखंच होतं. तिचे हात शांतपणे बोलू लागले.

"स्पेसचं लांब बटण बघ. उजव्या टोकाला मेणाचा डाग आहे. लाइट गेली होती तेव्हा माझ्या हातून मेणबत्ती कलंडली होती."

एयराम धावली. कोरे झालेले चार लॅपटॉप तिने आधी उघडले. पहिला, डाग नाही. दुसरा, नाही. तिसरा, नाही. चौथा... नाही! तिचा श्वास मोकळा झाला. मग न झालेले सात पाहिले. एकातही नाही.

उरला एकच. ती चालू लॅपटॉपवर वाकली. लांब बटणाच्या उजव्या टोकाला पिवळट मेण चिकटलेलं होतं. पडद्यावरचा आकडा होता पाच.

"हाच आहे!" तिने काचेकडे वळून खूण केली. "पाच टक्के. काय करू?"

याय्राने एलीकेमकडे बघितलं. कम्प्युटरचं त्यालाच कळत होतं. एलीकेमने घाईघाईने हात हलवले. याय्राच्या भुवया वर गेल्या. "हा म्हणतोय, बकरीला घट्ट बांध."

"गाढव आहे तो! नीट विचार!"

एलीकेमने कपाळावर हात मारून घेतला. मग काचेवरच्या धुळीत बोटाने एक गोल काढला, त्यात उभी रेघ मारली, त्यावर अंगठा टेकवला आणि दुसऱ्या हाताची पाची बोटं एकेक करून दोनदा उघडली. याय्राला लगेच कळलं.

"चालू-बंदचं गोल बटण दाब. सोडू नकोस. दहा मोज."

एयरामचा हात बटणापर्यंत गेला आणि थबकला. "पण परफेक्ट म्हणाला, मध्येच बंद पडला तर डिस्क खलास होईल!"

पुन्हा याय्रा एलीकेमकडे वळली. एलीकेमने ठामपणे मान हलवली. मग जरा कमी ठामपणे. मग त्याने ओठ चावला.

"म्हणतोय, नाही होणार," याय्राने सांगितलं. "बहुतेक."

बहुतेक! दाबलं आणि सगळंच गेलं तर? आईला काय सांगायचं? आणि नाही दाबलं तर? आकडा सहा झाला. प्रत्येक टक्क्याबरोबर टॉग्बुईंची एकेक खूण कायमची जात होती. कोणती गेली असेल? वाऱ्याची? माशाची? बुडालेल्या होडीची?

काचेवर थाप पडली. आवाज आला नाही, पण काच थरथरली. याय्रा तिच्याकडे रोखून बघत होती.

"ते माझे पणजोबा आहेत," तिचे हात म्हणाले. "दाब."

एयरामने अंगठा टेकवला. एक... दोन... तीन... आकडा सात झाला. चार... पाच... सहा... अजून उजेड होताच. सात... आठ...

पडदा विझला.

बाहेर एलीकेम नाचायला लागला आणि मध्येच थांबून वेड्यासारखा काहीतरी उपटल्याची खूण करू लागला. या वेळी त्याची खूण अगदी बरोबर होती. पेन ड्राइव्ह! ती तशीच राहिली तर परफेक्ट येऊन पहिल्यापासून पुसायला सुरुवात करणार! एयरामने ती उपटली. तेवढ्यात गर्दीतून परफेक्ट हातात जेवणाची पुडी घेऊन डुलत येताना दिसला.

दाराखाली बोटभर फट होती. एयरामने पेन ड्राइव्ह फटीतून सरकवली. याय्राने ती उचलून मुठीत घट्ट धरली आणि मागे न बघता कांद्यांच्या टोपल्यांमधून धूम ठोकली.

कुलूप उघडलं. गिरणीही नेमकी तेव्हाच थांबली. परफेक्टने विझलेला पडदा पाहिला आणि पुडी त्याच्या हातातून निसटता निसटता राहिली.

"बोट लावू नकोस म्हटलं होतं ना! पेन ड्राइव्ह कुठाय?"

एयरामने खरं तेच सांगितलं. बोट दाखवलं. याय्रा बाजाराच्या पार टोकाला पोचली होती.

"ए पोरी!" परफेक्ट गिरणीच्या वरताण गरजला. "थांब! ए! थांब म्हणतो ना!"

एलीकेम गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "अजून जोरात ओरडा, एफो. तिला जन्मापासून ऐकू येत नाही."

गिरणीवाली बाई पिठाने माखलेले हात कमरेवर ठेवून खदखदा हसली. पण परफेक्ट हसला नाही. "मी तासाभरात दुसरी पेन ड्राइव्ह बनवीन. मग काय करशील?"

एयराम लॅपटॉपसमोर उभी राहिली. "बनवा. पण संध्याकाळी सहा वाजेपर्यंत याला हात लावू नका. आईच म्हणाली 'पुसा', तर सगळी सुट्टी मी तुमचं दुकान झाडीन. नाहीतर आधी मला उचलून बाहेर टाका!"

"आणि मला!" म्हणत एलीकेम तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

परफेक्टने अग्बेकोसरांना फोन केला. अर्ध्या तासात सर घामाघूम होऊन आले. "हा काय तमाशा आहे?"

"सर," एयराम हळूच म्हणाली, "मागच्या वर्षी पाहुणे आले होते, तेव्हा तुम्ही त्यांना एक व्हिडिओ दाखवला होता. टॉग्बुई समुद्रावरच्या वादळाची गोष्ट सांगतायत तो. सगळे उठून उभे राहिले होते. तुम्ही म्हणालात, हे आमच्या शाळेचं वैभव आहे."

"हो. मग?"

"तो यातच आहे सर. अजून असला तर."

अग्बेकोसरांनी स्टूल ओढलं आणि ते मटकन बसले. "मला वाटलं, मॅडमच्या स्वतःच्या लॅपटॉपमध्ये असतील," ते पुटपुटले. "मी विचारलंच नाही." मग ते परफेक्टला म्हणाले, "याला हात लावायचा नाही. मी इथेच बसतो."

आणि खरंच, ते सहा वाजेपर्यंत तिथून हलले नाहीत. गिरणीवाल्या बाईने पाठवलेलं केळंही त्यांनी खाल्लं नाही.

सहाला आईचा फोन लागला. एयरामने सगळं सांगितलं. आईने एकच विचारलं.

"किती टक्के झाले होते?"

"सात."

"कुणीही तो चालू करू नका. अजिबात! मी येतेय."

दुसऱ्या दिवशी आई आली ती मिस्टर सेनाया नावाच्या एका चष्मेवाल्या गृहस्थांना घेऊन. पुसलेल्या डिस्कमधून हरवलेलं शोधणं हेच त्यांचं काम होतं. त्यांनी डिस्क बाहेर काढली, आधी तिची हुबेहूब नक्कल केली आणि त्या नकलेवरच काम सुरू केलं.

"लाट किनाऱ्यावर चढते ना, तसं हे पुसणं असतं," ते मुलांना म्हणाले. "एका टोकाकडून सुरू होतं. जिथवर लाट पोचली तिथली पावलं गेली. वरची पावलं असतात, फक्त त्यांच्यापर्यंत जायची वाट मोडते. आणि बाळा, मध्येच बंद केल्याने डिस्क खलास वगैरे काही होत नाही."

"मी सांगितलं होतं!" एलीकेम ओरडला.

"बहुतेक सांगितलं होतंस," एयराम म्हणाली.

दोन दिवस ते काम चाललं. चारशे बारापैकी तीनशे त्र्याण्णव व्हिडिओ सापडले. पण एकालाही नाव उरलं नव्हतं, नुसते आकडे! तेव्हा याय्रा खुर्ची ओढून बसली. खुणा टिपताना ती आईबरोबर असायची, म्हणून एकेक व्हिडिओ बघून तिने प्रत्येक खुणेचं नाव वहीत लिहिलं. तीन दिवस ती जेवायलाही धड उठली नाही. शेवटी नेमक्या कोणत्या एकोणीस खुणा गेल्या, तेही तिनेच सांगितलं.

आईने वही मिटली. "तुम्हाला रोज सांगते, दात घासा, वह्या जपा," ती म्हणाली, "आणि मला जूनपासून एक नवी प्रत करता आली नाही." त्याच दिवशी तिने दोन प्रती केल्या. एक घरी ठेवली, एक अग्बेकोसरांनी मागून घेतली.

रविवारी सगळे होडीने त्सिडोमेला गेले. अग्बेकोसर, आणि नाही नाही म्हणत परफेक्टसुद्धा. टॉग्बुई अकोर्ली माडाखाली जाळं दुरुस्त करत बसले होते. अग्बेकोसरांनी रीतीप्रमाणे दारूची बाटली पुढे ठेवली, डोकं झुकवलं आणि माफी मागितली. एयरामने ती याय्राकडून शिकलेल्या बेटाच्या खुणांनी सांगितली.

टॉग्बुईंनी जाळं बाजूला ठेवलं आणि त्यांचे हात सुटले! भराभर, सपासप, बराच वेळ. याय्राने तोंडावर हात दाबला. बेटावरच्या बायका हाताआड हसू लागल्या.

"काय म्हणतायत?" सरांनी विचारलं.

एयरामने खाली वाळूकडे पाहिलं. "म्हणतायत... तुम्ही आलात, बरं वाटलं."

"एवढंच? इतका वेळ?"

"थोडक्यात एवढंच, सर."

मग टॉग्बुईंनी तिन्ही मुलांना जवळ बोलावलं. आधी याय्राचं डोकं स्वतःच्या कपाळाला लावलं. एलीकेमच्या पाठीत अशी थाप मारली की तो कोलमडला. एयरामचा उजवा अंगठा त्यांनी आपल्या खरखरीत हातात धरला, उलटसुलट करून पाहिला आणि सगळ्या गावाला दिसेल असा उंच केला. "माझ्या बापाचे, आज्याचे शब्द या एवढ्याशा बोटाने धरून ठेवले," ते म्हणाले. गावाने दोन्ही हात वर करून हलवले. तिथे टाळ्या अशाच वाजतात.

हरवलेल्या एकोणीसपैकी सतरा खुणा टॉग्बुईंनी पुन्हा करून दिल्या. दोन त्यांनाही आठवेनात. याय्राने परोपरीने विचारलं, पण त्यांनी शेवटी मान हलवली. त्या दोन गेल्या त्या गेल्याच.

मग टॉग्बुई एयरामकडे वळले. "दुकानात काय झालं ते मला सांग. पहिल्यापासून. आमच्या भाषेत."

एयराम त्यांच्यासमोर वाळूत बसली आणि हातांनी सांगू लागली. उघडं कपाट, बाजार, गिरणी, काचेचं दार. आणि एका जागी अडली. लॅपटॉप पुसून कोरा करतात, याला बेटाच्या भाषेत खूणच नव्हती.

टॉग्बुईंनी क्षणभर खाडीकडे पाहिलं. मग डाव्या हाताचा तळवा उघडला, उजव्या हाताची बोटं त्यावरून चालत चालत नेली आणि मागून लाटेसारखा हात फिरवला. तळवा तेवढा उरला. त्यांनी भुवया उंचावून विचारलं, "चालेल?"

याय्राने ती खूण करून पाहिली. एयरामने केली. जरा लांब उभ्या असलेल्या परफेक्टनेही, कुणी बघत नाही असं वाटून, हळूच केली.

"अजून एकदा करा, टॉग्बुई!" एलीकेम कॅमेऱ्यामागून हात हलवत होता. "मी आत्ता कुठे सुरू केलाय!"